एक चतकोर आणि सहा इंचांची थाळी

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला मॉलच्या दारातली चौकट आठवते, नाहीतर "हात वर करा" म्हणत अंगावरून दांडकं फिरवणारा सिक्युरिटीवाला. मी लिहितोय तो तिसराच प्रकार. लांब दांडा, वर मूठ आणि छोटासा स्क्रीन, खाली जमिनीला समांतर एक थाळी. थाळीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी. ही थाळी म्हणजे कॉइल. इंग्लंडात पीक निघाल्यावर शनिवार-रविवारी असं मशीन घेऊन शेतातून चालणारे लोक दिसतात. मान खाली, कानाला हेडफोन, चाल अशी की काल रात्री बायकोशी भांडण झालंय. गेली दोन वर्षं मी ऑनसाईट आहे, सफोक परगण्यात इप्सविचला, आणि आता त्या मान खाली घातलेल्यांपैकी मीही एक आहे.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गुप्तधन शोधतोस?"
"अगं नाही, खिळे सापडतात बहुतेक."
"मग जुन्या बाजारात नेऊन वीक. इंजिनिअरिंगची फी तरी निघेल."
असो.

तर विषय कॉइलचा. मशीन विकत घेतलं की बरोबर साधारण ९ ते ११ इंच व्यासाची कॉइल येते. माझ्या मिनलॅब इक्विनॉक्सबरोबर ११ इंची आली. शिवाय एक ६ इंची वेगळी मिळते, तिचे पैसे वेगळे मोजायचे. नवशिका माणूस उलटा विचार करतो. पैसे घालायचेच तर आणखी मोठी कॉइल घेऊ, जास्त खोल बघेल. मीही आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ई अँड टीसीची डिग्री आहे, नोकरीत तिचा उपयोग शून्य, म्हटलं निदान इथे तरी होऊ दे :-)

बारावीचा फॉर्म्युला आठवा. गोल वेटोळ्याच्या अक्षावरचं चुंबकीय क्षेत्र. वर त्रिज्येचा वर्ग, खाली त्रिज्येचा वर्ग अधिक अंतराचा वर्ग, या बेरजेचा दीड घात. डिटेक्टरमध्ये सिग्नल जमिनीत जातो, धातूमध्ये भोवऱ्यासारखे करंट तयार करतो आणि त्या करंटचं क्षेत्र परत वर कॉइलमध्ये येतं. म्हणजे जाऊन-येऊन प्रवास, म्हणून तोच फॉर्म्युला दोनदा गुणायचा. त्याला डिफरन्शिएट करून शून्याशी बरोबर ठेवलं की छान सुटसुटीत उत्तर येतं: त्रिज्या खोलीच्या १.४१ पट असली की सिग्नल सगळ्यात जास्त. आता आकडे घाला. नाणं १० सेंटिमीटर खोल असेल तर व्यास २८ सेंटिमीटर, म्हणजे बरोब्बर ११ इंच! आणि नाणं ५ सेंटिमीटरवर असेल तर १४ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच-सहा इंच. कंपन्या उगीच हे साईझ काढत नसणार.

याच हिशेबाने २० सेंटिमीटरवरच्या नाण्यासाठी ११ इंची कॉइल ६ इंचीच्या पाचपट सिग्नल देते. तिथे छोटीने नाद सोडावा. पण ५ सेंटिमीटरवर उलटं, छोटी मोठीच्या दीडपटीहून जास्त. (हे सगळं ढोबळ आहे. खऱ्या कॉइलमध्ये पाठवणारं वेटोळं वेगळं आणि ऐकणारं वेगळं, आणि मातीत लोहाचे क्षार असतात त्यांची कटकट निराळीच. पण दिशा बरोबर आहे.)

पण खरं सांगायचं तर छोट्या कॉइलचा मुख्य फायदा या गणितात नाहीच. तो खिळ्यांत आहे. त्यासाठी आधी आमचे शेजारी सांगायला हवेत.

शेजारच्या घरात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ राहतात. इंग्रजीत मी त्यांना सरळ नावाने हाक मारतो, तशीच पद्धत आहे. पण मराठीत लिहिताना जीभ वळत नाही, तेव्हा आपण आजोबा म्हणू. ते मला "बॉय" म्हणतात, अठ्ठाविसाव्या वर्षी! तीस वर्षं डिटेक्टर फिरवतायत. इथून पंधरा-वीस मैलांवर त्यांच्या मित्राचं शेत आहे, तिथे दोघांनाही परवानगी आहे. त्या शेताच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात साधारण वीस मीटर बाय वीस मीटरचा एक तुकडा असा की तिथे पाय ठेवला की हेडफोनमध्ये नुसती खरखर. लोखंडच लोखंड. आजोबा म्हणायचे, "तो कोपरा मेलेला आहे." क्लबची पोरं आली, मोठमोठ्या कॉइल फिरवून गेली, सगळ्यांचं मत तेच.

शेतकऱ्याचा मात्र त्या कोपऱ्यात जीव अडकलेला. त्याचे वडील सांगायचे की तिथे कधीकाळी घर होतं, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. पण त्याच्याकडच्या कुठल्याही जुन्या नकाशावर घर नाही. आणि आता तो कोपरा शेतीला परवडत नाही म्हणून तिथे झाडं लावायची ठरली आहेत, या हिवाळ्यात. इथे झाडं लावायचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. एकदा रोपं लागली की नांगर बंद, डिटेक्टर बंद, आणि खाली जे काही असेल त्यात मुळं घुसणार. शेतकरी आजोबांना म्हणाला, "तीस वर्षं फिरतोयस, एवढं तरी सांग, आमचा बाप खरं बोलत होता की नाही?"

आजोबा त्या रात्री जरा गप्प होते. मग दुसऱ्या दिवशी दार वाजवून विचारलं, "तुझ्याकडे ती छोटी कॉइल आहे ना?"

आता खिळे. खिळे असणं ही खरं तर चांगली बातमी. उघड्या रानात कोणी खिळे टाकत नाही. खिळे म्हणजे दार, छप्पर, बाज, गाडी. माणूस राहिला तिथे लोखंड पडतं, आणि माणूस राहिला तिथेच त्याच्या खिशातलं नाणं पडतं. गोची अशी की डिटेक्टरला दोन्ही एकदम दिसतात. धातूकडून परत येणारा सिग्नल थोडा मागे पडलेला असतो. किती मागे, यावरून मशीन ठरवतं की हे लोखंड की तांबं की चांदी. चांदीला उंच सुरेल आवाज, लोखंडाला जाडाभरडा. पण थाळीखाली एक चांदीचं नाणं आणि तीन खिळे एकदम आले तर? मशीनला चौघांची मिळून एकच खिचडी ऐकू येते, आणि लोखंड जास्त असेल तर ते म्हणतं, लोखंड. नाणं असून नसल्यासारखं. मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून, आत सनई चालू असताना, तिसऱ्या पंगतीतली आत्या काय कुजबुजतेय ते ऐकायचा प्रयत्न करा. ऐकायचं असेल तर आत्याच्या शेजारी जाऊन बसावं लागतं.

ही भानगड डिटेक्टरच्या जन्माइतकीच जुनी आहे. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली, कुठे ते कळेना. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने घाईघाईने दोन कॉइलचं एक यंत्र जुळवलं आणि व्हाइट हाऊसमध्ये जाऊन अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. नीट काही सापडलं नाही. गादीच्या खाली पोलादी तारा होत्या, त्यांनी घोळ घातला. शिवाय मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण त्यांच्या मते गोळी तिकडेच होती. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. गोळी निघाली डाव्या बाजूला. यंत्र चालत होतं हो, पण त्याच्यासमोर नको ते लोखंड होतं आणि हवी ती जागा नव्हती.

आता आमच्या कोपऱ्यात ६ इंची काय करणार, याचं सोपं गणित. ११ इंची थाळीचं क्षेत्रफळ ६ इंचीच्या जवळजवळ साडेतीन पट. समजा दर चौरस मीटरला ४० खिळे आहेत, कसेही विखुरलेले. मोठ्या थाळीखाली एका वेळी सरासरी अडीच खिळे. छोटीखाली एकसुद्धा पुरता नाही. स्टॅट्सच्या पेपरात पासाँ डिस्ट्रिब्यूशन कशाला शिकवतात ते तेव्हा कळलं नव्हतं. त्यात हे आकडे घातले तर मोठी कॉइल शंभर ठिकाणी टेकवली तर आठ-नऊ ठिकाणीच तिच्याखाली एकही खिळा नसतो. छोटीला शंभरात अठ्ठेचाळीस जागा अशा मिळतात. मेलेला कोपरा एकदम निम्मा जिवंत!

अर्थात फुकट काही मिळत नाही. साडेतीनपट लहान थाळी म्हणजे तेवढीच जागा बघायला कितीतरी जास्त फेऱ्या. पाच मीटर बाय पाच मीटरचे चौकोन आम्ही सुतळीने आखले, असे सोळा. एका चौकोनाला एक सकाळ जाते. हात हळू, अगदी सारवण घातल्यासारखा, आणि थाळी जमिनीला जवळजवळ घासत. दोन-तीन सेंटिमीटर उचललीत तर ५ सेंटिमीटरच्या गणितातले अर्धे पैसे हवेत गेले. लोखंड गप्प करायचं जे सेटिंग असतं ते बंद. लोखंड ऐकत राहायचं, आणि त्याच्या खरखरीत अर्ध्या सेकंदाची चिवचिव येते का त्याकडे लक्ष. आली की थांबायचं आणि काटकोनात वळून पुन्हा फिरवायचं, कारण या कॉइलचा संवेदनशील भाग पुढून मागे एका पट्टीसारखा असतो. एका दिशेने खिळा आणि नाणं एकत्र पट्टीत येतात, दुसऱ्या दिशेने वेगवेगळे. दोन्हीकडून खरखर आली तर बहुधा वाकडा खिळा. वाकडे खिळे आणि भोकं असलेलं लोखंड फार फसवतं, चांदीचा आवाज काढतं. लबाड साले.

माझ्या डोळ्यापुढे सारखे झारेकरी येत होते. सोनारांच्या दुकानांसमोरची माती गोळा करून, धुऊन, त्यातला सोन्याचा कण काढणारे. त्यांनाही कोणी विचारलं नसेल की बाबांनो, मोठं घमेलं का घेत नाही.

आमची कामाची वाटणीही मजेशीर झाली. आजोबांचा हात असा स्थिर की बघत राहावं, मी फिरवलं की थाळी कडेला उचलली जातेच. पण त्यांचे कान उंच आवाजाला दगा देतात, वयामुळे. पक्ष्यांचे बारीक आवाजही जातात म्हणाले. आणि नेमकी बारीक चांदी उंच आवाजात बोलते. मशीनमध्ये आवाज खाली आणता येतो, ते करूनही बघितलं, पण खरखरीत तो मिसळून जायला लागला. मग दोन तोंडांची वायर आणली, दोघांना दोन हेडफोन. ते फिरवणार, मी ऐकणार. मी हात वर केला की ते थांबणार. गुडघा गेलेला असल्यामुळे खणणंही माझ्याकडेच. लांबून बघणाऱ्याला वाटत असेल की दोन माणसं एकाच वॉकमनवर गाणी ऐकत शेत झाडतायत.

पहिल्या चार चौकोनांत खिळे, शिशाचे तुकडे, दोन बटणं आणि नांगराने चिंधड्या केलेले कोल्ड्रिंकच्या कॅनचे पत्रे. पाचव्यात शिशाची एक जाड चकती, मध्ये भोक. मला वॉशर वाटलं. आजोबा हसले. सूत कातायच्या चातीला खाली वजन म्हणून लावतात ती चकती! कुठल्याही शतकाची असू शकते, तिच्यावरून काळ सांगता येत नाही. पण रानात उभं राहून कोणी सूत कातत नाही, असं ते पुटपुटले आणि पुढचा अर्धा तास थाळी आणखीच हळू चालली.

सातव्या चौकोनात ती चिवचिव आली. एकाच दिशेने, इतकी बारीक की मी दोनदा हात वर केला आणि दोनदा खाली घेतला. काटकोनात फक्त खिळा. मी खणायला बसणार तर आजोबा म्हणाले, थांब. जागेवर काडी खोचली, मशीन आडवं टाकलं, ६ इंची काढून ११ इंची बसवली. पाच मिनिटांचं काम. त्याच काडीभोवती चारी दिशांनी फिरवली. लोखंड. लोखंड. लोखंड. लोखंड. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "या जागेवरून मी किती वेळा गेलो असेन?" उत्तर त्यांना नको होतं, मी दिलंही नाही.

चार बोटं खाली खिळा निघाला आणि त्याच्यापासून आणखी तीन बोटांवर एक चांदीची चतकोर.

चतकोर हा शब्द मी लाडाने वापरत नाहीये, खरंच चतकोर. मध्ययुगात इथे मुख्य नाणं चांदीचं पेनी. जेमतेम दीड ग्रॅमचं. पण पावाचा तुकडा घ्यायला अख्खी पेनी जास्त व्हायची, मग सुट्ट्यासाठी लोक पेनीच कापायचे. अर्धी केली की हाफपेनी, चार तुकडे केले की फार्दिंग, म्हणजे चौथाई. आपल्या भाकरीसारखंच. आमच्या तुकड्याच्या दोन सरळ बाजू ९-९ मिलिमीटर, वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. नखावर मावतो. त्याच्यावर क्रॉसचा दुहेरी रेघांचा हात कडेपर्यंत गेलेला दिसतो, आणि ते महत्त्वाचं निघालं. असा लांब दुहेरी क्रॉस इंग्लंडात १२४७ ते १२७९ या काळातल्या पेनीवर असतो, आणि १२७९ नंतर गोल फार्दिंग पाडायला सुरुवात झाली, कापाकापीची गरज संपत गेली. हे निदान माझं नाही, परगण्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरबाईंचं. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा मानतात. देवगिरीवर यादव होते तेव्हा इथे ओढ्याकाठी कोणीतरी आपली चतकोर हरवून बसलं. एका माणसाचं सुट्टं. शोधलं असेल का हो त्याने खाली वाकून?

ऑफिसरबाईंकडे नेलंच का, असं ऑफिसातल्या एकाने विचारलं. ठेवून द्यायचं ना. कायदा म्हणाल तर इथे १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू सापडली की १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचं. एकटं सुटं नाणं त्यात सहसा बसत नाही, त्यामुळे आमच्यावर सक्ती नव्हती. पण १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम म्हणून व्यवस्था आहे, तिथे आपणहून नोंद करता येते. वस्तू काय, कुठे, नेमकी जागा. पंधरा लाखांच्या वर वस्तूंची नोंद झाली आहे. बाजारात आमच्या चतकोरीचे फार पैसे येणार नाहीत. तिची जागा नोंदली नसती तर ती चांदीची नुसती टिकली राहिली असती. इथले डिटेक्टरवाले नवशिक्यांना हॉक्सनची गोष्ट सांगतात, तीही सफोकमधलीच. नोव्हेंबर १९९२ मध्ये एक जण मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन शेतात गेला आणि रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी आणि दागिने सापडले. सगळे नाण्यांचं सांगतात. आजोबा सांगतात ते वेगळंच: सुरुवातीचा ढीग वर काढल्यावर त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. म्हणून बाकीचं पुरातत्त्ववाल्यांना जसं पुरलं होतं तसं मिळालं. हातोडीही नंतर सापडली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

जाता जाता, इथलं वाचून कोणी डिटेक्टर मागवून राजगडाच्या पायथ्याशी जायचं मनात आणत असेल तर कृपया नको. आपल्याकडे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून आहे, दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि संरक्षित गडावर परवानगीशिवाय खणणं हा सरळ गुन्हा. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे लोकांनी काय काय केलंय ते पेपरात वाचतोच.

शेतकऱ्याला चतकोर दाखवली. त्याने तळहातावर घेतली, चष्मा वर-खाली केला, आणि म्हणाला, "एवढीशी?" मग खूप वेळ परत दिली नाही. ऑफिसरबाईंनी त्याला सांगितलंय की एका नाण्यावरून घर सिद्ध होत नाही, आणखी काही मिळालं तर बघू. पण खाली काही असेल तर झाडांच्या मुळांनी ते हलतं, तेव्हा रोपं थोडी अलीकडे सरकवता आली तर बरं. त्याने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. रोपांची ऑर्डर गेलेली आहे. खड्ड्यांच्या खुणेच्या काठ्या गेल्या आठवड्यात लागल्या, आमच्या सुतळीच्या चौकोनांमधूनच. त्या लाकडी आहेत, एवढं नशीब.

आमचे अकरा चौकोन झालेत, पाच राहिलेत. नवव्यात पितळेच्या बक्कलाचा एक तुकडा मिळाला, तो अजून ऑफिसरबाईंकडेच आहे. या शनिवारी पाऊस नाही म्हणतायत. ओल्या मातीत खिळे जरा जास्तच बडबडतात, पण आजोबा म्हणाले आहेत की सात वाजता तयार राहा.